प्रभाची जट

सोमवार, ८ सप्टेंबर

डॉक्टर म्हणाले, "सर, चिडचिड कमी करा. जमत नसेल तर निदान वहीत लिहून काढा." गोळ्यांनी भागत नाही म्हटल्यावर डॉक्टर लोक असले सल्ले देतात. लिहिणार नव्हतो, पण आज विषय स्वतःच्या पायांनी चालत घरात आला.

चिरंजीव ओजस पुण्याची नोकरी सोडून परत आले. डोक्यावर दोऱ्या घेऊन. अंगठ्याएवढ्या जाड, खांद्यापर्यंत लोंबणाऱ्या. मी दार उघडलं आणि क्षणभर वाटलं, कोणी गोसावी शिधा मागायला आलाय.

"ड्रेडलॉक्स म्हणतात, बाबा."

"आपल्याकडे जट म्हणतात," मी म्हणालो. "आणि तुझ्या बापाचा जन्म ती कापण्यात गेलाय."

यात अतिशयोक्ती नाही. शाळेत विज्ञान शिकवलं आणि सुट्टीच्या दिवशी विवेक विचार मंचातर्फे गावोगाव हिंडलो. बाईचे केस धुळीने, घामाने, न विंचरल्याने गुंततात. मग गाव म्हणतं देवी आली, कापलं तर कोप होईल. ती बिचारी मानेवर ओझं घेऊन जन्मभर फिरते. अशा बायांना समजावून आम्ही जट उतरवली. आणि माझ्या पोटचा दिवटा पैसे देऊन ती चढवून आलाय.

मला वाटलं, प्रभा तरी त्याला फैलावर घेईल. कसलं काय! तिने त्यातली एक दोरी बोटांत धरून पाहिली आणि विचारलं, "रोज विंचरावं लागत नाही ना रे याला?"

हा काय आईने विचारायचा प्रश्न आहे? लाडाने पोर बिघडतं ते असं.

संध्याकाळी म्हणाली, खांदा फार धरलाय, एकदा दाखवून येऊ या का. म्हटलं, बाम लाव. या वयात काही ना काही दुखणारच. त्यातून आज पाण्याचा दिवस होता. चार दिवसांनी नळाला पाणी येतं, त्यातलं अर्धं पिंप चिरंजीवांच्या जटाभिषेकाला गेलं. भरणार कोण? मी.

शनिवार, १३ सप्टेंबर

साहेब नोकरी करणार नाहीत. साहेब धंदा काढणार. सोलापुरात. जटा वळून देण्याचा.

गॅरेजमध्ये एक खुर्ची, एक आरसा आणि बाहेर हाताने रंगवलेली पाटी: "गुंता". बाप मंचाचा अध्यक्ष आणि त्याच्या फाटकावर ही पाटी. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास.

पहिलं गिऱ्हाईक नातेपुत्याचं. बिरुदेव नावाचा, जिममध्ये लोकांना व्यायाम शिकवणारा. मान नाहीच, दंडावरून थेट डोकं. मी पेपर वाचण्याच्या निमित्ताने गॅरेजच्या तोंडाशी बसलो आणि सगळा प्रकार पाहिला. शत्रूची पद्धत माहीत असावी.

आधी डोक्याचे चौकोन पाडतात, वाफे पाडल्यासारखे. प्रत्येक वाफ्याला रबर. मग एकेक बट धरून बारीक कंगव्याने उलटी विंचरायची, टोकाकडून मुळाकडे. जगातल्या समस्त आया पोरींना ज्याबद्दल धपाटे घालतात, नेमकं तेच. केसांचा गोळा झाला की क्रोशाची सुई खुपसून बाहेर आलेले केस आत ओढायचे आणि शेवटी दोन तळहातांत धरून वळायचं. बिरुदेव डोळे मिटून "आई गं, आई गं" करत होता. दोनशे किलो उचलणारा माणूस.

"आणि धुवायचं नाही," मी म्हणालो.

"धुवायचं, बाबा. पण पूर्ण वाळवायचं. ओलं राहिलं की आत बुरशी धरते. आणि मुळाशी शेजारचे दोन लॉक एकमेकांत घुसतात, ते वेळच्या वेळी सोडवायचे. नाहीतर सगळ्याची मिळून एकच जट होते."

म्हणजे जट होऊ नये म्हणून जटांची काळजी! ऐकून घेतलं.

क्रोशाची सुई प्रभाची. याच सुईने तिने घरातल्या टीव्हीपासून पाण्याच्या माठापर्यंत सगळ्यांना झबली घातली. कोणाला हात लावू देत नसे. आता विचारल्याबरोबर सुयांचा अख्खा डबा काढून दिला. "मला आता कुठं लागतात," म्हणाली. लेकापुढे तत्त्वंबित्त्वं काही नसतात बायकांना.

मंगळवार, २३ सप्टेंबर

या घरात काहीतरी चाललं आहे.

स्वयंपाकघरातले वरच्या फळीवरचे सगळे डबे खाली ओट्यावर आणून मांडलेत. साखरेच्या डब्याला मुंग्या लागल्या. का आणले, तर "सोपं पडतं." मला वाटतं कोणीतरी वास्तुशास्त्राचं खूळ भरवलंय. भाकरी थापणंही बंद. बाजारातली कडक भाकरी आणि शेंगांची चटणी, की झालं जेवण. मी म्हटलं, माझे दात काय सरकारी आहेत? तर ओजस माझ्यासाठी दुधात कुस्करून घेऊन आला. लाडोबा.

चहा डाव्या हाताने पिते. जेवतेही चमच्याने, डाव्या हाताने. नवरात्र चालू आहे, कसलं तरी व्रत असणार. साडी सोडून गाऊन घालते आणि डोक्याला सदान्‌कदा रुमाल. मी विचारत नाही. विचारलं की या गोष्टींना महत्त्व येतं.

मायलेक स्कूटरवरून बाजारात म्हणून जातात आणि तासाभराने रिकाम्या पिशव्या घेऊन येतात. आज विचारलं, भाजी कुठाय? प्रभा म्हणाली, "चांगली नव्हती." अख्ख्या सोलापुरात चांगली भाजी नव्हती!

संध्याकाळी ईश्वर आला होता. आमच्याच शाळेत हेडक्लार्क होता, मंचाचा चिटणीस. चांगला माणूस, पण डोळे असून नसल्यासारखे. चष्मा कपाळावर चढवलेला आणि सोफ्याखाली शोधतोय. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी पोटभर हसलो.

तो जाताना प्रभाला म्हणाला, "वहिनी, वाळलात." मी म्हटलं, अरे, कडक भाकरी खाऊन कोण सुटतं?

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

गॅरेजमध्ये आणखी दोन नग. एक मुलगी होती. तिचा बाप फोनवर मला म्हणाला, तुम्हाला लाज वाटत नाही का. मी म्हणालो, वाटते.

सोमवार, २० ऑक्टोबर

नरकचतुर्दशी. देवधर्म मी मानत नाही, पण अभ्यंगस्नान हा त्वचेचा प्रश्न आहे. लग्न झाल्यापासून या पहाटे प्रभा माझ्या पाठीला तेल-उटणं चोळते. यंदा पाटावर बसलो, तर तेलाची वाटी घेऊन ओजस उभा.

"तुझी आई कुठाय?"

"मी लावतो ना, बाबा."

त्या दोऱ्या माझ्या कानाला घासत होत्या. कोरफडीचा वास. मी मुकाट बसलो, कारण पहाटे पहाटे तमाशा नको. हात मात्र चांगला आहे पोराचा, हे लिहायला हरकत नाही. कोणी वाचणार नाही.

प्रभाने स्वतः डोक्यावरून पाणी घेतलं नाही. सणाच्या दिवशी! रुमाल तसाच. आंघोळ झाली का विचारलं, तर "झाली" म्हणाली आणि तोंड फिरवलं. माझ्यापासून काहीतरी लपवतेय हे न कळायला मी काय ईश्वर आहे?

शुक्रवार, ३१ ऑक्टोबर

सापडलं.

दुपारी प्रभा अंगणात पाण्याच्या पिंपावर वाकली आणि तिचा रुमाल सरकला. मी खिडकीत होतो. तिच्या मानेवर तळव्याएवढी जट आहे. चपटी, करडी, गच्च. अंबाड्याच्या जागी अंबाडा नाहीच, केसांची पोळी आहे. असल्या मी इतक्या पाहिल्यात की अंधारातही ओळखेन.

माझ्या घरात.

तेवढ्यात जिन्यावरून पार्वतम्मा उतरत होत्या. वरच्या मजल्यावर भाड्याने राहतात. माहेर वळसंगचं, मराठी बोलता बोलता कानडीत घसरतात. त्यांनीही ते पाहिलं. झटकन हात जोडले, वर पळाल्या आणि खण-नारळ, हळदकुंकू घेऊन खाली आल्या. "अव्वा बंदाळ री! आई आली तुमच्यात, वहिनी!" प्रभा "अहो, नको, नको" म्हणत होती. पण कुंकू लावून घेतलंच.

मी आत येऊन बसलो आणि सगळं जुळवलं. सगळं जुळतं. डोक्याला कंगवा नाही, पाणी नाही. डाव्या हाताने जेवणं हे व्रत. दर बाजाराचा दिवस आठवून पाहिला. मंगळवार नाहीतर शुक्रवार. देवीचे वार! भाजी नव्हती म्हणे. कुठल्या तरी देवऋषीकडे जाऊन येतात मायलेक. आणि पार्वतम्मा गच्चीवर आमचे कपडे वाळत घालताना मी दोनदा पाहिलंय, तेव्हा वाटलं होतं चुकून. आता कळलं. ती सेवा. देवी अंगात आलेल्या बाईची अशी कामं करतात बायका. करकंबला एक घर होतं, अख्खी गल्ली तिथे पाणी भरायची.

नेमका निष्कर्ष काढायला डोकं लागतं. पण या निष्कर्षाचा आनंद झाला नाही. पोराने जटांचं फॅड घरात आणलं आणि आईने त्याला देवी जोडली.

रविवार, २ नोव्हेंबर

मंचाची पद्धत अशी की अशा बाईला सरळ "का" विचारायचं नाही. ती बिथरते. आधी विश्वासात घ्यायचं, शास्त्रीय माहिती द्यायची. जेवताना मी केसांच्या रचनेवर बोललो. खवले, तेलग्रंथी, गुंतण्याची प्रक्रिया. मग मनाच्या दुर्बलतेवर. ओजस मध्येच म्हणाला, "बाबा, तुम्ही आईला सरळ विचारत का नाही?" आई त्याच्याकडे पाहून म्हणाली, "तू जेव."

मग माझ्याकडे वळून, अगदी शांतपणे, "झालं का? आणखी काही दिसलं का तुम्हाला?"

"पुष्कळ दिसलंय," मी म्हणालो.

तिने भाताचं पातेलं झाकलं. मग ताटं उचलली. एकेक करून, डाव्या हाताने. व्रत काही सुटत नाही.

शनिवार, ८ नोव्हेंबर

वळसंगला शाळेच्या पटांगणात व्याख्यान. विषय अर्थातच जट. चांगलं रंगलं होतं. मी म्हणालो, "अज्ञान कुठे राहतं? जिथे डोळे मिटलेले असतात तिथे." टाळ्या पडल्या. मग मागच्या रांगेतून येसूबाई नावाची म्हातारी काठी टेकत उठली.

"सर, तुमच्या मालकिणीला बी जट हाय म्हनं. पार्वती सांगत हुती. ती कवा कापनार?"

पटांगण हसलं. पोरं, मास्तर, चहावाला. सरपंच रुमालात हसला. मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. येताना गाडीत ईश्वर कांद्याच्या भावावर बोलत होता, ते जास्त लागलं.

पुरे झाली पद्धत. उद्या ईश्वरच्या मुलीला, धम्मप्रियाला बोलावतो. सरकारी दवाखान्यात नर्स आहे, मंचाची कात्री तीच चालवते. प्रभाला आधी सांगितलं तर कांगावा होईल. ओजसला तर मुळीच नाही.

रविवार, ९ नोव्हेंबर

जे घडलं ते क्रमाने लिहितो.

दहाच्या सुमारास ईश्वर आणि धम्मप्रिया आले. कात्री, कंगवा, मलम, पांढरं कापड. प्रभा हॉलमध्ये गवार निवडत होती. मी प्रास्ताविक केलं.

"प्रभा, भिण्याचं काही कारण नाही. कुठलीही देवी कोपत नसते."

"कुठली देवी?"

"तुझ्या डोक्यात बसलीय ती."

तिने रुमालावर हात नेला. धम्मप्रिया मला म्हणाली, "सर, एक मिनिट," आणि प्रभाच्या शेजारी जाऊन बसली. "काकू, विंचरायचं कधीपासून थांबलं?"

"श्रावणापासून."

"का बरं?"

प्रभाने गवारीचं ताट बाजूला सारलं आणि हात वर करून दाखवला. म्हणजे करू लागली. तो खांद्यापर्यंतही पोचला नाही. मध्येच अडला. तिने ओठ दाबले, आणखी बोटभर ओढला आणि सोडून दिला.

"इथपर्यंतच येतो," ती म्हणाली. "आधी तर एवढाही येत नव्हता. आता बरंच बरं आहे."

मी म्हणालो, "मग मंगळवार-शुक्रवार?" आता लिहिताना कळतंय की मी हे फार मोठ्याने म्हणालो.

ओजस दारात उभा होता. "फिजिओथेरपी असते, बाबा. मंगळवारी आणि शुक्रवारी. खांदा आखडलाय तिचा. ती कप्पीची दोरी ओढायला लावतात, तिला घाम फुटतो. परत येताना भाजी घ्यायचं त्राण राहत नाही."

"आणि मला कोणी सांगितलं नाही?"

प्रभाने ताट परत पुढे ओढलं. "सांगितलं की. तुम्ही बाम लाव म्हणालात."

"नंतर सांगायचं!"

"नंतर म्हटलं, बघू या यांना कधी दिसतं ते." ती शेंगेची शिर काढत होती, डाव्या हाताने, सावकाश. "ओजसलाही बजावून ठेवलं, सांगायचं नाही म्हणून. तुम्हाला दिसलं. पण देवी दिसली."

ईश्वर छताच्या पंख्याकडे बघत होता. धम्मप्रियाने हळूच विचारलं, "काकू, केस कापायचे आहेत का तुम्हाला?"

"नाही. माझे आहेत ते. मला आवडतात."

धम्मप्रियाने कात्री पिशवीत टाकली. ईश्वरने पाणी मागितलं, पेलाभर प्यायला आणि दोघं गेले. फाटकापाशी मला म्हणाला, "गोपाळराव, चष्मा माझा हरवतो," आणि पुढचं बोलला नाही. हेडक्लार्कची अक्कल ती. वाक्यही पूर्ण करता येत नाही.

सोमवार, १० नोव्हेंबर

मला अजून राग येतो आहे. माणसाने तोंडाने नीट सांगावं. मी काय मनकवडा आहे? दोन महिने परीक्षा चालू होती आणि परीक्षार्थ्याला पत्ताच नाही. शाळेत असं कोणी केलं असतं तर मी त्याची तक्रार केली असती.

आणि आता पुढचं ऐका. ओजस म्हणाला, मानेवरचा गुंता पूर्ण सुटणार नाही, पण कापायचीही गरज नाही. ती जट उभी फाडून तिचे सुटे लॉक करता येतील, बाकीचे केस त्यांना जुळते वळता येतील. हात बरा होईपर्यंत आईच्या डोक्याला कंगवा लागणार नाही.

मी म्हटलं, ती साठीची बाई आहे, दुकानाची पाटी नव्हे.

प्रभाने परत तोच प्रश्न विचारला, पहिल्या दिवशीचा. "रोज विंचरावं लागणार नाही ना?"

"नाही, आई."

"मग कर."

मला कोणी विचारलं नाही. मंचाच्या अध्यक्षाची बायको जटा वळून घेणार. अध्यक्षपदाचा राजीनामा लिहून ठेवला आहे. द्यावा की नाही ते ठरवायचं आहे.

शनिवार, २२ नोव्हेंबर

गेले कित्येक दिवस रोज दुपारी गॅरेजमध्ये हेच. प्रभा खुर्चीत आणि ओजस मागे. आधी खोबरेल घालून जट मऊ केली, मग बोटांनी फाडली. कात्री नाही, ओढाताण नाही. अर्धा इंच सुटला की थांबायचा आणि विचारायचा, "दुखतंय?" हजारदा विचारलं असेल. माणसाने किती विचारावं!

आज संपलं. प्रभाने आरशात पाहिलं आणि हसू लागली. थांबेना. "अगं बाई, कोण गं ही?" पाठीवर करड्या-पांढऱ्या लॉकची झिरमिळी. मला विचारलं, कशी दिसते. मी म्हणालो, साध्वी. ती म्हणाली, "साध्वी तर साध्वी. मान हलकी झाली."

बाहेर पडली तर किराणा दुकानातल्या बाईने पायाला हात लावला. मी शेजारी उभा. मी. त्या बाईने मलाही नमस्कार केला, साध्वीचा नवरा म्हणून.

वर आणि हे. ओजसला हंपीला काम लागलंय, परदेशी पर्यटकांचा हंगाम. उद्या निघतो, महिनाभर तिकडेच. मुळाशी नवीन केस येतात, ते रोज कोरफड लावून वळावे लागतात, नाहीतर शेजारचे लॉक एकमेकांत घुसतात. आईचा हात मागे पोचत नाही. मग कोण?

"बाबा, खडू धरल्यासारखं नको. वाती वळतात ना, तसं."

मी आयुष्यात वात वळलेली नाही. तत्त्व म्हणून. हे त्याला सांगितलं, तर माझे दोन्ही हात धरून त्याने तळव्यांत एक लॉक ठेवला.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

संध्याकाळी चहानंतर गॅलरीत पाट मांडतो. ती पाटावर, मी मागे स्टुलावर. वळायचं, मुळाशी बोट घालून शेजारच्यापासून सोडवायचं, पुढचा घ्यायचा. मूर्खासारखं काम आहे. बुद्धी लागत नाही आणि घाई चालत नाही. दोन्ही बाबतीत माझी गैरसोय. ती मध्ये मध्ये म्हणते, "हळू." आज एकदाही म्हणाली नाही, कारण झोप लागली होती तिला, बसल्या बसल्या.

मानेवर उजवीकडे एक तीळ आहे. असेल आधीपासून.

पार्वतम्मा शुक्रवारचं कुंकू घेऊन आल्याच. प्रभा दचकून जागी झाली. मी ठरवलंच होतं. म्हणालो, "पार्वतम्मा, इथे देवी-बिवी काही नाही. हिचा हात वर जात नाही. खांदा आखडलाय. म्हणून केस गुंतले, बस."

"ठावं हाय की, सर," पार्वतम्मा म्हणाल्या. "श्रावणापास्नं धुणं मीच घालते की वाळत. तारेला हातच पोचंना वहिनींचा."

"ठाऊक आहे? मग पाया कशाला पडता?"

"आता बगा. हात दुकला म्हनून काय अव्वा येऊ नये व्हय?"

आणि वाकून पडल्याच पाया. यावर तर्काच्या बाजूने काय म्हणता येईल याचा मी जेवण होईपर्यंत विचार केला. असल्या लोकांशी वाद घालण्यात अर्थ नसतो. उद्यापासून धुणं मी वाळत घालेन, म्हणजे निदान तो मुद्दा मिटेल.

मंगळवार, २ डिसेंबर

ओजस नाही, म्हणून फिजिओथेरपीला आज मी नेलं. गेल्या मंगळवारी आणि शुक्रवारी ती रिक्षाने एकटीच जाऊन आली होती. मला म्हणाली नव्हती आणि मीही विचारलं नव्हतं. आज स्कूटर काढली. ती मागे बसली, तिचे लॉक वाऱ्याने माझ्या कानाला लागत होते. सात रस्त्याला सिग्नलवर एक पोरगा मोबाइलमध्ये आमचा फोटो काढत होता. मी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने मोबाइल खिशात घातला. अजून जमतं.

दवाखान्यात टेबलाशी नवीन मुलगी होती. प्रभाची फाइल सापडेना. मुलीने मान वर केली, आधी प्रभाच्या डोक्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"त्रास कुठल्या खांद्याला आहे, काका?"

"डावा," मी म्हणालो.

प्रभा शेजारीच उभी होती. तिने पुढे सरकून टेबलावर डावा हात टेकला. मग त्या मुलीला म्हणाली, "उजवा."

मुलीने लिहून घेतलं. प्रभा आत गेली, पडदा ओढला गेला आणि मी बाकावर बसलो. आतून कप्पी किरकिरत होती.

चूक कशी झाली ते मी शोधून काढलं. त्या रविवारी तिने हात वर केला तेव्हा मी समोर होतो, आणि समोरच्याचा उजवा हात आपल्याला डावीकडे दिसतो. शिवाय इतके दिवस डोळ्यांपुढे काम करताना दिसला तो तिचा डावाच. आरशातली प्रतिमा मी जन्मभर शिकवली आहे. असं कोणाचंही होऊ शकतं.

फक्त गेले दहा दिवस मी तिच्या समोर नाही, पाठीमागे बसतो आहे. मागून बघणाऱ्याला उजवा खांदा उजवीकडेच दिसतो.